बस्त्याच्या बाजारातलं पोलंड

शिरोळ तालुक्यात लग्न ठरलं, की सुपारी फुटायच्या आधीच कोल्हापूरजवळच्या गांधीनगरचं नाव निघतं. बस्ता तिथंच बांधायचा यावर दोन्हीकडच्या मंडळींचं एकमत असतं. बाकी कशावर होवो न होवो. एक गाडी ठरवायची, आत्या-मावश्या, हिशेबाला पक्का असा एक माणूस आणि हमखास रुसणारा एक, असे सगळे तिच्यात कोंबायचे आणि दिवसभर दुकानामागून दुकान पालथं घालायचं. नवरीचा शालू, करवलीची साडी, आहेराची लुगडी, टॉवेल-टोप्या. सांजच्याला गठ्ठे टपावर बांधून परत. आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी गांधीनगर पाहिलं ते एवढंच.

त्याच जमिनीवर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं संसार मांडून राहिली होती. त्यांच्या शाळा तिथं होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटक-सिनेमाचं सभागृह होतं. आमच्याकडं जुनी माणसं ‘तिथं गोऱ्यांचा कॅम्प होता’ असं म्हणतात आणि विषय तिथंच थांबतो. परदेशी राहणाऱ्या कुटुंबांबद्दल मराठीत अलीकडं पुष्कळ लिहिलं जातं, पण ती कुटुंबं आपली असतात. न्यू जर्सीतला गणपती, जर्मनीतल्या थंडीत केलेल्या पुरणपोळ्या, मुलांना मराठी यावं म्हणून चालवलेली रविवारची शाळा. उलट्या बाजूनं आलेली आणि आपल्याच जिल्ह्यात चूल पेटवून राहिलेली कुटुंबं मात्र आपल्या वाचनात फारशी येत नाहीत. म्हणून या खेपेला बस्त्याचं निमित्त न काढता निघालो. रेल्वेनं निघालो, कारण ती माणसंही याच रुळांवरून आली होती.

शिरोळला स्टेशन नाही. सहा-सात किलोमीटरवरच्या जयसिंगपूरला जावं लागतं. शाहू महाराजांनी आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं हे बाजारपेठेचं गाव. त्याआधी या स्टेशनला शिरोळ रोड म्हणत. मिरज-कोल्हापूर हा फाटा कोल्हापूर संस्थाननं घातला आणि १८९१ साली तो सुरू झाला. १९७१ पर्यंत तो मीटरगेज होता, म्हणजे पोलिश बायका-मुलं आली ती लहान गाडीतून. मिरज सुटलं, कृष्णेवरचा पूल गेला, की पुढं जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी आणि वळिवडे, म्हणजे गांधीनगरचं स्टेशन. आजच्या पॅसेंजरचा मार्गही तोच आहे. फलाटावर भडंगाचा पुडा घेतला आणि खिडकी धरली.

या रुळांपर्यंत येण्याआधी त्या माणसांनी किती भुई तुडवली होती, ते सांगितल्याशिवाय वळिवड्यातला संसार कळायचा नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर चालून आला आणि सतरा तारखेला पूर्वेकडून स्टालिनचं सैन्य घुसलं. पूर्व पोलंडातल्या शेतकऱ्यांना, वनरक्षकांना, शिक्षकांना, सैनिकांच्या बायका-मुलांना १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत भरून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. बर्फात लाकूडतोड, सामुदायिक शेतांवर राबणं, उपासमार. पुढं जून १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला आणि गणित फिरलं. लंडनमधलं पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलैअखेरीस करार झाला, कैद्यांना सोडण्यात आलं आणि जनरल अँडर्स यांनी सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभं करायला घेतलं. सैन्य जिकडं जाईल तिकडं मागून बायका-मुलं. १९४२ साली कॅस्पियन समुद्र ओलांडून हे लोंढे इराणात पहलवी बंदरात उतरले. पुरुष पुढं लढाईवर गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं यांचं काय करायचं, हा प्रश्न ब्रिटिशांपुढं पडला. कुणाला पूर्व आफ्रिकेत पाठवलं, कुणाला न्यूझीलंडला, कुणाला मेक्सिकोला. भारताच्या वाट्याला आलेल्यांतली मुलं आधी जामनगरजवळच्या बालाचडीला गेली. तिथं जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी त्यांना आसरा दिला आणि ती गोष्ट बरीच गाजली. पण युद्ध संपेपर्यंत कुटुंबंच्या कुटुंबं राहतील अशी मोठी वसाहत झाली ती कोल्हापूरजवळ, वळिवड्याला. कराचीच्या तात्पुरत्या तळावरून १९४३ च्या मध्यापासून माणसं इकडं येऊ लागली.

हातकणंगले गेलं. दोन्ही अंगांना ऊस, मधून वीटभट्ट्या. समोरच्या बाकावरच्या आजोबांना कुठं चाललोय ते सांगितलं. ते म्हणाले, ‘‘पोलंडवाले व्हय? आमचा थोरला चुलता जायचा तिकडं कोंबड्या इकायला. बायाच बाया होत्या म्हणायचा. घासाघीस लई करायच्या.’’ वसाहतीबद्दल कागदोपत्री जे सापडतं, त्याचं सार या आजोबांनी तीन वाक्यांत सांगून टाकलं. बायका होत्या, बाजार होता आणि हातात पैसा मोजका होता.

रुकडी सोडली की गाडी पंचगंगेच्या पुलावर येते. पुराच्या वर्षी पाणी या पुलाशी चढलं की सगळी वाहतूक ठप्प होते, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असतं. नदी इथून पुढं इचलकरंजीला वळसा घालून आमच्याच तालुक्यात शिरते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वसाहतीतली पोरं याच नदीत पोहायला शिकली. त्यांच्या आठवणींतली पंचगंगा म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतला सगळ्यात मोठा आनंद. आता तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी जलपर्णीचा हिरवा गालिचा आणि त्यात अधूनमधून मेलेले मासे पाहणाऱ्या आम्हा खालच्या लोकांना हे वाचताना पोलिश पोरांचा हेवाच वाटतो.

वळिवडे स्टेशन छोटं आहे. बाहेर पडलं की दहा मिनिटांत माणूस गांधीनगरच्या गर्दीत हरवतो. होलसेलच्या पाट्या, रस्त्यावर आलेले कापडाचे गठ्ठे, हातगाड्या, कर्नाटकातून आणि कोकणातून आलेले किरकोळ व्यापारी. यात १९४३ शोधायचं तर डोळ्यांपेक्षा डोक्यानं काम करावं लागतं. बऱ्याच ठिकाणी जुनं पाडून दोन-तीन मजली दुकानं उठली आहेत. तरी एक गोष्ट पुसली गेलेली नाही, ती म्हणजे आखणी. खेडं वाढतं तसं हे गाव वाढलेलं नाही, हे सरळ रेषेतल्या गल्ल्यांतून चालताना जाणवतं. लांबलचक बराकींच्या रांगा आणि मधून रस्ते, असा मूळ नकाशा होता.

बराक म्हटलं की डोळ्यांपुढं तुरुंग येतो. इथल्या बराकींना बांबूच्या चटयांच्या भिंती आणि वर कौलं होती. एकेक बराक आडव्या भिंती घालून अनेक कुटुंबांत वाटलेली, प्रत्येकाला राहायची जागा, स्वयंपाकाची जागा आणि पुढं व्हरांडा. चटईच्या भिंतीतून शेजारच्या घरातलं भांडण, खोकला आणि प्रार्थना असं सगळं ऐकू येणार. पण सैबेरियातल्या झोपड्यांत चार-चार कुटुंबं एका खोलीत काढून आलेल्या बाईला स्वतःचं दार मिळालं होतं. व्हरांड्यापुढं फुलझाडं आणि वेल लावायची हौस त्यांनी लगेच सुरू केली, ती त्या वेळच्या छायाचित्रांत दिसते. फुलांचे वाफे, पांढऱ्या ब्लाउजमधल्या मुली, मागं कौलारू बराक. वरवर पाहिलं तर कुणाला वाटावं, हे कोकणातलंच एखादं मिशनचं आवार आहे.

निर्वासितांची छावणी म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघर आणि ताटली घेऊन उभी रांग, असं चित्र आपल्या मनात असतं. वळिवड्यात कुटुंबांना महिन्याचा भत्ता मिळे आणि घरोघरी आपापली चूल असे. मला या वसाहतीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच वाटते. भत्ता हातात आला की बाई बाजारात जाते, काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते ठरवते, उधार-उसनवार करते, महिनाअखेरीला हात आखडते. म्हणजे ती पुन्हा घर चालवू लागते. दोन-तीन वर्षं जे पुढ्यात पडेल ते खाल्लेल्या माणसांना कांद्याचा भाव खाली आणता येणं ही किती मोठी गोष्ट, ते आजोबांच्या चुलत्याला कळलं नसेल; त्याला फक्त घासाघीस दिसली.

बाजारात बटाटा, कोबी, अंडी, कोंबडी मिळत होती, म्हणजे पोलिश स्वयंपाकाचा निम्मा जीव मिळत होता. शेगडीवर कोळसा फुंकून स्वयंपाक करणं त्यांना नवीन होतं. विकायला येणारे आजूबाजूच्या खेड्यांतले आणि कोल्हापुरातले लोक. काही महिन्यांत विक्रेत्यांना कामापुरती पोलिश येऊ लागली आणि मुलांच्या तोंडी मराठी-हिंदी शब्द बसले. पोरं ही भानगड आयांपेक्षा लवकर शिकतात. म्युनिकला राहणारी आमच्या नात्यातली एक भाची आपल्या आईसाठी दुकानात जर्मन बोलते, तशीच ही पोरं आयांचे दुभाषी झाली असणार.

पुरुष जवळजवळ नव्हतेच. होते ते म्हातारे, आजारी, पाद्री आणि काही शिक्षक-कारकून. कर्ते पुरुष अँडर्सच्या सैन्यात, आधी मध्यपूर्वेत आणि मग इटलीत. मे १९४४ मध्ये माँते कासिनोच्या डोंगरावरचा मठ पोलिश तुकड्यांनी घेतला, तेव्हा त्या लढाईत वळिवड्यातल्या बायकांचे नवरे आणि भाऊ होते. पोस्टमन आला की कुणाच्या दारात थांबतो, याकडं सगळ्या बराकींचं लक्ष असणार हे सांगायला पुरावा लागत नाही. ज्या गावातली माणसं फौजेत आहेत त्या प्रत्येक गावाला ते ठाऊक आहे.

मग हे पाच हजारांचं गाव चालवलं कुणी? नेमणुकीचे अधिकारी होते. मुंबईत पोलंडचे महावाणिज्यदूत यूजेनियस बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का होत्या, ब्रिटिश अधिकाऱ्यांची देखरेख होती. पण दिवसाचं काम, म्हणजे शाळा, दवाखान्यातली शुश्रूषा, अनाथालय, शिवणकाम, नाटकाची तालीम, चर्चमधली फुलं, हे बायकांनी ओढलं. त्यातही शाळा सगळ्यात आधी. हद्दपारीत मुलांची दोन-तीन वर्षं बुडाली होती. चौदा वर्षांचा मुलगा अकरा वर्षांच्यांबरोबर बसे. प्राथमिक शाळा, त्यापुढं माध्यमिक, उच्च माध्यमिक आणि हातव्यवसायाचं शिक्षण, असं सगळं पोलिश अभ्यासक्रमानुसार चालू झालं. पोलंडचा इतिहास आणि भूगोल कोल्हापूरच्या ऊन-पावसात शिकवला गेला, ज्या नद्या मुलांना आठवतही नव्हत्या त्यांची नावं पाठ करून घेतली गेली. काही मुलामुलींना पाचगणीच्या निवासी शाळांत पाठवलं, तिथल्या हवेचा उपयोग छातीच्या दुखण्यांना होईल म्हणूनही काही जण गेले.

शाळेनंतर स्काउट. पोलिश स्काउट चळवळ आपल्याकडच्यासारखी खाकी चड्डी आणि गाठींपुरती नव्हती. तिच्यात देशभक्ती, धर्म आणि शिस्त असं सगळं एकत्र असे. पथकं, शेकोट्या, डोंगरावरच्या सहली. वर्षाचं कॅलेंडरही त्यांनी जसंच्या तसं आणलं. तीन मे हा राज्यघटना दिन, अकरा नोव्हेंबर हा स्वातंत्र्य दिन, ईस्टर, पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पांढऱ्या झग्यातल्या मुलींची रांग. नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण पोलिश घरात वर्षातलं सगळ्यात मोठं. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत उपास, मग मांस नसलेले बारा पदार्थ, टेबलक्लॉथखाली थोडं वाळलेलं गवत आणि एक ताट जास्तीचं, अवचित दारात येणाऱ्या पाहुण्यासाठी. डिसेंबरात कोल्हापूरला चांदणी लवकर दिसते, ढग नसतातच. जास्तीचं ताट मात्र त्या बराकींत एकेक पुरणारं नव्हतं.

त्रास नव्हता असं कुणी समजू नये. मलेरिया होता, साप होते, वैशाखात कौलं तापत आणि जूनमध्ये चटईच्या भिंतीतून पाऊस आत येई. पण कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि इथली हवा मुंबई-कराचीच्या मानानं सोसणारी. जागा निवडताना हाही विचार होताच.

इथं एक अडचणीचा मुद्दा. अलीकडं ही गोष्ट सांगताना ‘कोल्हापूरच्या छत्रपतींनी पोलिश लोकांना आसरा दिला’ असं एका वाक्यात उरकतात. ऐकायला गोड आहे. पण त्या वेळी कोल्हापूरच्या गादीवर कर्ता राजा नव्हता. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले आणि दत्तक घेतलेले वारस तान्हे होते. जागा संस्थानची, नियोजन हिंदुस्थान सरकारचं आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर, असा तो व्यवहार होता. संस्थाननं आणि इथल्या लोकांनी त्यांना जगू दिलं, बाजारात बसवून घेतलं, त्रास दिला नाही, याचं मोल मी कमी करत नाही. १९४३ साली शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहत होतं आणि गोऱ्या कातडीबद्दल प्रेम वाटावं असे ते दिवस नव्हते. तरी या गोऱ्यांना कुणी इंग्रजांत मोजलं नाही. पण पाहुणचाराचं सगळं श्रेय आपल्याकडं घेताना, त्या बायकांनी स्वतः जे उभं केलं ते गोष्टीतून गळून पडतं. राजानं दिलं आणि प्रजेनं घेतलं अशा चौकटीत वळिवडे बसत नाही.

आडवळण घेतोय, पण या भागातल्या दोन पोलिश माणसांना वगळून पुढं जाववत नाही. वांदा दिनोव्स्का थिऑसॉफीच्या ओढीनं युद्धाआधीच भारतात आल्या होत्या. गांधीजींनी त्यांना उमादेवी हे नाव दिलं. वळिवड्याच्या मुलांना भारत समजावून सांगायचं काम त्यांनी केलं. त्यांचे सहकारी मॉरिस फ्रिडमन हे वॉर्साचे ज्यू इंजिनिअर. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ च्या सुमारास राज्यकारभार लोकांच्या हाती दिला, त्या घटनेच्या मसुद्यात फ्रिडमन यांचा हात होता. पुढं मुंबईच्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत नेऊन जगापुढं ठेवली तीही त्यांनीच. वळिवड्यातली बहुसंख्य माणसं आपलं पोलंड जपत इथं राहिली. हे दोघं इथलेच होऊन गेले. परमुलखात राहायच्या या दोन तऱ्हा एकाच वेळी आमच्या भागात नांदत होत्या.

युद्ध संपल्यावर खरी अडचण उभी राहिली. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडं सरकवली. ल्वुव, विल्नो आणि आजूबाजूची गावं, म्हणजे वळिवड्यातल्या बहुतेकांची घरं, सोव्हिएत संघात गेली. जुलैत ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्टांना दिली. ज्यांच्या खात्यावर घरखर्च चालत होता ते सरकारच एका दिवसात कागदावरून गेलं. पुढचा भार ब्रिटिशांनी आणि मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थांनी उचलला. परत जायचं तर कुठं? ज्या राजवटीनं मालगाडीत घातलं, तिच्याच हद्दीत? थोडी कुटुंबं पोलंडला गेली, बाकीच्यांनी वाट पाहिली.

वाट पाहता पाहता त्यांनी भारताचा स्वातंत्र्यदिन पाहिला. ज्यांचा स्वतःचा देश नुकताच हातचा गेला होता त्यांच्या आजूबाजूला एक नवा देश उभा राहत होता. कोल्हापूर संस्थान तरी किती दिवसांचं सोबती? १ मार्च १९४९ रोजी तेही मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याआधीच वसाहत रिकामी झाली होती. इटलीत लढलेल्या सैनिकांना ब्रिटननं आपल्याकडं राहू दिलं, १९४७ मध्ये त्यासाठी खास कायदा केला आणि वळिवड्यातली बायका-मुलं नवऱ्या-बापांना भेटायला इंग्लंडच्या जहाजांत चढली. तिथं त्यांना लष्करानं सोडलेल्या अर्धगोल पत्र्याच्या बराकी मिळाल्या. कौलांखालून पत्र्याखाली. काही पुढं ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत पांगले. इथं लग्न करून कायमची राहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

रिकाम्या बराकींत दुसरी निर्वासित माणसं आली. फाळणीनंतर सिंधमधून निघालेली कुटुंबं सरकारनं इथं वसवली आणि वसाहतीला गांधीनगर नाव पडलं. त्यांच्याकडं परत जायचा पर्यायच नव्हता, म्हणून त्यांनी पहिल्या दिवसापासून दुकान टाकायचा विचार केला. पोलिशांचं गाव शाळेभोवती उभं राहिलं, सिंध्यांचं बाजाराभोवती. एका दुकानात मी मुद्दाम जुना विषय काढला. पन्नाशीचे मालक अस्सल कोल्हापुरीत म्हणाले, ‘‘आमचे वडील सांगायचे, घरात शिरलो तर भिंतीला क्रॉसची खूण होती. आजीनं तिथंच झुलेलालचा फोटो लावला. खिळा आयता होता न्हवं.’’ आणि लगेच, ‘‘शालू दाखवू का? लग्न कवा हाय?’’

गांधीनगरजवळच वळिवडे गावात सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडच्या पाहुण्यांच्या उपस्थितीत स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं. त्या आधीच्याच महिन्यात आमचा शिरोळ तालुका पाण्याखाली होता. कुरुंदवाड, नृसिंहवाडी, राजापूर, खिद्रापूर या गावांतली माणसं नावेतून काढून शाळांत, मंगल कार्यालयांत, कारखान्याच्या आवारात आणली होती. जनावरांच्या छावण्या वेगळ्या. पूर १९५३ चा असो, २००५ चा असो की २०२१ चा, छावणीतले पहिले दोन दिवस आमच्याकडंही तसेच जातात. माणूस सुन्न बसून राहतो, आयतं जेवण घेतो. तिसऱ्या दिवशी बायका कुठून तरी तीन विटा आणतात आणि चहा स्वतः करू लागतात. आचारी असताना हा खटाटोप कशाला, असं स्वयंसेवक पोरांना वाटतं. वळिवड्याचा भत्ता आणि शेगडी त्यांनी समजून घ्यायला हवी.

आणखी एक तुलना मनातून जात नाही, ती आम्हाला लाजवणारी आहे. दरवर्षी दिवाळीनंतर शिरोळच्या फडांत बीड, जत, विजापूरकडची ऊसतोड कुटुंबं येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कोपी घालून राहतात. पाचटाच्या भिंती, वर प्लॅस्टिक. पोरं कुठं आईबरोबर फडात, कुठं धाकट्याला सांभाळत. या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, बंद पडल्या, काही चालू आहेत. युद्धाच्या ऐन धामधुमीत, ज्यांच्या सरकारला स्वतःची जमीन नव्हती, त्या लोकांनी कोल्हापूरजवळच्या माळावर बालवर्गापासून उच्च माध्यमिकपर्यंत शाळा उभी केली. सहकाराच्या श्रीमंत पट्ट्यात आपल्याला सहा महिन्यांची शाळा नीट चालवता येत नाही, याला पैशाचं कारण देता येणार नाही.

ज्यांना ही वाट करायची असेल त्यांनी सकाळची पॅसेंजर धरावी. जयसिंगपूरहून कोल्हापूर तासाभराचं अंतर, वळिवडे त्याच्या अलीकडं. स्तंभ आणि गांधीनगरच्या गल्ल्या दुपारपर्यंत बघून होतात. तिथून कोल्हापूर शहर रिक्षानं किंवा केएमटीच्या बसनं गाठता येतं. शहरातल्या महावीर उद्यानात, भारतात राहिलेल्या पोलिशांच्या संघटनेनं १९९८ मध्ये उभारलेला स्तंभ आहे. फिरायला येणारे पुष्कळ जण त्याला वळसा घालून जातात, क्वचित कुणी थांबून वाचतो. शहराच्या ख्रिस्ती दफनभूमीत वसाहतीत वारलेल्यांच्या कबरी आहेत. दृक्‌श्राव्य हवं असेल तर ‘अ लिटल पोलंड इन इंडिया’ हा २०१३ चा माहितीपट बालाचडी आणि वळिवडे या दोन्ही ठिकाणांवर आहे.

आणि कुणाचं पोरगं-पोरगी नोकरीनिमित्त पोलंडात असेल, हल्ली असतातही, तर त्यांना वॉर्सातल्या दोन जागा सांगून ठेवाव्यात. एक म्हणजे ओखोता भागातला भल्या महाराजांचा चौक, तो जामसाहेबांच्या नावचा. दुसरी माँते कासिनोच्या स्मारकाजवळची वळिवडे-कोल्हापूर वसाहतीची स्मृतिपाटी. ती नोव्हेंबर २०१७ मध्ये बसवली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान तिथं जाऊन आले. त्यानंतर काही दिवस कोल्हापुरात सगळे वळिवड्याबद्दल बोलत होते.